क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग लघवीची तपासणी कशाला?

तुम्ही विचारलंय, वय 36, बीपी 150/96, त्रास काहीच नाही, क्रिएटिनिनही (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) नॉर्मल. मग डॉक्टर लघवीतल्या अल्ब्युमिनची, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाची, तपासणी का सांगतात? दादा, करूनच घ्या. मी डॉक्टर नाही, परभणी जिल्ह्यात शेती करतो. पण माझ्या थोरल्या भावाचं अगदी हेच झालं, म्हणून कळकळीनं लिहितोय.

शेतात ठिबक असेल तर लगेच समजेल. नवी नळी बोटानं दाबली की दबते. चार-पाच उन्हाळे खाल्ले की कडक होते, वाकवली तर तडकते. रक्तवाहिन्यांचंही तसंच. हृदयातून निघणारी महाधमनी लवचिक असते, प्रत्येक ठोक्याचा दणका फुगून स्वतःत जिरवते. बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं, वर तंबाखू नाहीतर शुगर असली, की ती तिशी-चाळिशीतच म्हाताऱ्या माणसासारखी ताठरते. मग दणका थेट पुढं जातो, किडनीच्या नाजूक गाळण्यांपर्यंत. हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांतून जातो, आणि एकेकीत 10 लाखांच्या आसपास गाळण्या. दणके सोसून त्या सैल पडतात, रक्तातलं हे प्रथिन लघवीत झिरपायला लागतं.

क्रिएटिनिनवर विसंबू नका. किडनीचं निम्मं काम थांबेपर्यंत ते नॉर्मल दिसू शकतं. भावाचं 1.1 होतं, आम्ही निर्धास्त. सोयाबीन काढणीत कंबर धरायची म्हणून तो रोज दुखण्याची गोळी खायचा, आणि बीपीची मात्र ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद. लघवीला फेस यायचा, पाणी ओतलं तरी विरायचा नाही. आई म्हणायची, उष्णता झाली असंल. लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो 30 mg/g च्या आत हवा. त्याचा 210 आला.

डॉक्टरांनी आधी ती दुखण्याची गोळी सोडवली, कारण तिनं बीपीही चढतं आणि किडनीलाही मार बसतो. मग टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुरू केली. ती गाळणीतला दाबही उतरवते, म्हणून दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा बघितलं. वहिनीनं खारवलेल्या मिरच्या नि लोणचं ताटातून काढलं. दिवसभराचं मीठ सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. सहा महिन्यांत रेशो 70 वर आला, बीपी 126/80.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. अंगात ताप असेल किंवा आदल्या दिवशी लई जड काम झालं असेल तर दोन दिवस थांबा, आकडा उगाच वाढतो. पहिल्यांदा जास्त आला तर घाबरू नका, तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून पक्कं करतात. तोवर बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.