टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड'सारख्या, अमेरिकेतल्या गुलामीवरच्या कादंबरीत अंगाची, अत्याचाराची इतकी वर्णनं का? ती गाळून वंशभेद दाखवता आला नसता का?

नसता आला. तुम्ही पुस्तक अर्ध्यात सोडलंत म्हणता, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१६६२ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात कायदा झाला : मूल आईच्या वळणावर जाणार. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. म्हणजे मालकानं बाईवर जबरदस्ती केली तर त्याला काही तोशीस नाहीच, उलट त्याच्या मालमत्तेत एका जिवाची भर. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मोडली ती थेट १९६७ मध्ये. वंशाची रेघ बाईच्या पोटावरूनच ओढलेली होती, मग लेखिकेनं ते पोट सोडून लिहायचं तरी कुठून?

कादंबरीची नायिका सेथी गुलाम आहे; तिला गरोदरपणात दोन गोरी पोरं धरतात आणि तिचं दूध काढून घेतात. पुढे पाठ फुटेपर्यंत फटकेही बसतात. तिच्यासोबत गुलामीत राहिलेला पॉल डी फटक्यांचं विचारतो, आणि ती दर वेळी दुधाचंच सांगते. तिचं तान्हं वाट बघत होतं, त्याच्या वाटणीचं ते दूध. आपल्याकडे 'अंगावर पाजणं' म्हणतात, त्यातलं 'अंग' हे आहे. हे वर्णन चाळवण्यासाठी नाही हो.

आणि हे लांबचं वाटत असेल तर आमच्या सोलापूरचंच सांगते. आई विड्या वळायची, शाळा सुटल्यावर ताईही. ताईला बघायला आलेल्या बाईंनी चहाचा कप घेता घेता तिचा हात उलटा केला, तंबाखूनं काळवंडलेली बोटांची टोकं पाहिली आणि म्हणाल्या, "रंगही सावळाच आहे." ताईनं पदराखाली हात घेतला तो त्या जाईपर्यंत बाहेर काढला नाही.

जात म्हणजे वंश नव्हे, ते मी एक करत नाही. पण इथल्याच अक्कलकोट तालुक्यातल्या शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' (१९८४) हे आत्मचरित्र शेजारी ठेवून वाचा. तोळ्याचे मासे बारा, अकराच भरले की हिणकस, तसं हे दलित आईचं, सवर्ण बापाचं बिगरलग्नाचं मूल. तिकडे मालक बाईच्या मुलावर हक्क सांगतो, इकडे पाटील बाप नावसुद्धा देत नाही. बाईच्या अंगावर हक्क मात्र दोघांचाही.

दुधाचं ते पान पुन्हा काढा. तिथून पुढे वाचवलं नाही तर थांबा, पण ते पान गाळू नका.