बारवेतला गाळ, जत्रेतलं पाणी

चैत्र-वैशाखात या सदराकडे येणारी पत्रं बहुतेक एकाच जातीची असतात. जत्रा तोंडावर आली आहे, पोटापाण्यासाठी शहरात गेलेली मंडळी गावी आली आहेत, हाताशी माणसं आहेत, तर गावातलं जुनं काहीतरी एकदाचं साफ करून टाकू. उत्साह चांगलाच आहे. फक्त 'एकदाचं' हा शब्द जुन्या दगडी कामाला मानवत नाही, त्यामुळे काही उत्तरं थोडी हात आखडायला लावणारी वाटतील.

प्रश्न: आमच्या गावात महादेवाच्या देवळापुढे चौकोनी दगडी बारव आहे. एका बाजूने पायऱ्या, आत थोडं पाणी आणि तीनेक फूट गाळ. तरुण मंडळाने इंजिन लावून पाणी उपसायचं आणि जेसीबीने दोन दिवसांत गाळ काढायचा बेत केला आहे. वर्गणीही जमली आहे. पुढे जावं का?

उत्तर: जेसीबीची सुपारी दिली नसेल तर देऊ नका. साडेसात-आठ टनांचं यंत्र काठावर उभं राहिलं की त्याचा भार आणि हादरे थेट भिंतीमागच्या भरावावर येतात. बारवेचे दगड बहुतेक ठिकाणी नुसते एकमेकांवर बसवलेले असतात आणि मागच्या मातीच्या आधाराने उभे असतात. वरचा एक थर सरकला की खालचे मोकळे होतात. ट्रॉलीसुद्धा बारव जितकी खोल असेल निदान तितकी काठापासून लांब उभी करा.

आधी कागद. बारव कोणाच्या जागेत आहे ते सातबाऱ्यावर बघा. ती संरक्षित स्मारक आहे का, हे पुरातत्त्व खात्याकडे विचारा. संरक्षित असेल तर लेखी परवानगीशिवाय फावडंही लावता येत नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकांना तर २०१०च्या दुरुस्तीनंतर हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच काम करता येतं, म्हणजे जत्रेसाठी शेजारी पक्का ओटा बांधायचा विचार असेल तर तोही यात सापडेल. संरक्षित नसेल तर १ मेच्या ग्रामसभेत ठराव घ्या. गणसंख्या पूर्ण हवी, म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तितके. ठराव नसला की पुढे एखादा दगड निखळल्यावर सगळं मंडळाच्या गळ्यात येतं.

आता पाणी. एका रात्रीत तळ दिसेपर्यंत उपसू नका. बारवेतलं पाणी भिंतीला आतून रेटा देत असतं आणि मागची भिजलेली माती बाहेरून. आतलं पाणी झटकन गेलं की बाहेरचा रेटा उरतो, आणि भिंत पोटाला येते. दिवसाला दोन फुटांच्या वर पातळी उतरवू नका. रोज सकाळी भिंतीवर नजर टाका. दोन दगडांमधल्या फटीवर आदल्या संध्याकाळी ओल्या मातीचं बोट ओढून ठेवा. त्या मातीला वाळल्याच्या बारीक रेघांपेक्षा वेगळी, आरपार चीर गेली असेल तर उपसा तिथेच थांबवायचा.

डिझेल इंजिन पायऱ्यांवरून खाली नेऊ नका. काठावर ठेवलेलं इंजिन साधारण वीस-बावीस फुटांपलीकडचं पाणी ओढत नाही, म्हणून ते खाली न्यायचा मोह होतो आणि तिथेच माणसं जातात. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड खोलगट जागेत साठतो, त्याला ना रंग ना वास. खोल असेल तर गाळ ओढणारा पाणबुडी पंप भाड्याने घ्या, त्याच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवा आणि मोटर चालू असताना एकाही माणसाला पाण्यात उतरू देऊ नका.

गाळ चाळवला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. कंदील सोडून बघायची जुनी रीत अर्धीच खरी. कंदील विझला तर उतरायचं नाही हे नक्की, पण पेटता राहिला म्हणून हवा चांगली आहे असं नाही. कुजलेल्या गाळातून मिथेन सुटत असेल तर ज्योतच घात करील. रुंद, उघड्या बारवेत धोका कमी, मध्यभागी अरुंद आड असेल तर जास्त. अशा आडात उतरायचं असेल तर वायुमापक आणि ब्लोअर असलेल्या प्रशिक्षित माणसांनाच बोलवा. खाली कोणी चक्कर येऊन पडला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. अशा अपघातांत दुसरा आणि तिसरा बळी वाचवायला गेलेल्यांचाच असतो. उतरणाऱ्याच्या अंगात आधीपासून पट्टा आणि दोर असला तर वरूनच ओढून काढता येतं.

हाताने किती दिवस लागतील याचा हिशेब सोपा आहे. तळ २० बाय २० फूट, गाळ ३ फूट, म्हणजे १२०० घनफूट, बारा ब्रास, साधारण ३४ घनमीटर. ओला गाळ घनमीटरला सुमारे १.६ टन धरला तर एकूण चोपन्न टन. घमेलं अर्धंच भरायचं, नऊ किलोच्या आसपास, कारण पूर्ण भरलेलं घमेलं अठरा-वीस किलोचं होतं आणि दहाव्या मिनिटाला माणसांची साखळी तुटते. म्हणजे सहा हजार घमेली. पायऱ्यांवर चाळीस जणांची साखळी नीट चालली तर मिनिटाला बारा घमेली वर येतात, सकाळी सहा ते नऊ या तीन तासांत दोन हजारांच्या थोडी वर. कागदावर तीन सकाळी, प्रत्यक्षात पाच धरा. रिकामी घमेली उतरायला दुसरी, हलकी साखळी ठेवा. तिथे शाळकरी मुलं चालतील, पण सर्वांत खालच्या टप्प्यावर नकोत.

गाळ ट्रॉलीत थेट टाकू नका. बाजूला पसरून एक दिवस वाळू द्या आणि मग हाताने फोडा. त्यात काचा, दाभण, प्लॅस्टिक निघतं तसं घडीव दगड, मूर्तीचे तुकडे, नाणीही निघतात. १८७८च्या गुप्तधन कायद्यात दहा रुपयांवरच्या मोलाचं जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं बंधन आहे. दहाचा आकडा आज हास्यास्पद वाटतो, पण कायदा जागेवर आहे. सापडलेल्या वस्तूचा जागेवरच फोटो, त्यात मापाला पट्टी, आणि ग्रामपंचायतीत पंचनामा.

आणि थांबायचं कुठे? काळा, मऊ, वास मारणारा गाळ संपून मुरूम किंवा घट्ट पिवळट थर लागला की तिथेच. 'अजून दोन फूट मारू, झरे मोकळे होतील' हा हट्ट भिंतीच्या पायाखालची माती काढतो.

प्रश्न: त्याच बारवेच्या फटींत सिमेंट भरून घ्यावं का? एका ठेकेदाराने फुकट करून देतो म्हटलंय.

उत्तर: नाही. त्या फटींतूनच बारवेत पाझर येतो. त्या बुजवल्या की आत पाणी कमी येतं आणि पावसाळ्यात मागे साठलेलं पाणी भिंत ढकलतं. विहिरीची भिंत ही टाकीची भिंत नव्हे, हे ठेकेदाराला सांगा. सिमेंट दगडाला घट्ट चिकटतं, हलत नाही, ओल सोडत नाही आणि त्यातले क्षार दगडाच्या कडांना येऊन कपचे काढतात.

पाण्याच्या वरच्या भागात, मंडपात किंवा कोनाड्यांत, मुळात चुन्याचं काम असेल आणि ते झडलं असेल तर चुन्यानेच भरायचं: मुरवलेला चुना एक भाग, सुरखी (विटांची पूड) एक भाग, चाळलेली वाळू एक ते दोन भाग, चुना मळायच्या दगडी घाणीत चांगलं मळून. गूळ-बेलफळाचं पाणी घालणारे कारागीर अजून मिळतात. उन्हाळ्यात चूक होते ती एकच. चुना भरून लोक निघून जातात आणि तो दोन दिवसांत पावडर होतो. चुन्याला सावकाश आळायला ओल लागते. भरलेल्या जागी ओलं गोणपाट टांगून निदान आठवडाभर दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारायला माणूस नसेल तर हे काम उन्हाळ्यात काढूच नका.

प्रश्न: भिंतीतून पिंपळ आणि उंबर वाढलेत. उपटावेत की औषध मारावं?

उत्तर: दोन्ही नाही. मूळ मनगटाएवढं झालं की दगडांना तेच धरून असतं, ओढलं की सोबत अर्धी भिंत येते. तणनाशक पाण्याच्या जागी नकोच; शिवाय ग्लायफोसेटचा वापर २०२२पासून परवानाधारक कीडनियंत्रकांपुरताच मर्यादित आहे. खोड दगडालगत करवतीने कापा, कोयत्याने घाव घालू नका. फुटवा येईल. तो बोटभर असतानाच दर पंधरवड्याला खुडायचा, दोन वर्षं. पानंच मिळाली नाहीत की मूळ थकतं. करंगळीएवढी रोपं मात्र पहिल्या पावसानंतर दगड ओला असताना हाताने अलगद निघतात. ज्या कमानीखाली मोहोळ असेल तिकडे या दिवसांत धूर, फटाके आणि ढोल नेऊ नका.

प्रश्न: यात्रेला दोन हजार माणूस येतं. गेल्या वर्षी महाप्रसादानंतर जुलाबाच्या तक्रारी आल्या. पाणी टँकरचं होतं. काय चुकलं असेल?

उत्तर: बहुधा टीसीएल, म्हणजे पाण्यात घालायची ब्लीचिंग पावडर. पावडर घातली होती असं सगळे सांगतात, पण ती कधीची आणि कशी घातली हे कोणी विचारत नाही. पोतं उघडं राहिलं किंवा पत्र्याच्या खोलीत तापलं की त्यातला क्लोरिन उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो. ताजी, घट्ट बांधलेली पिशवी घ्या. प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम. पावडर सरळ टाकीत टाकायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादली भरा, दहा-पंधरा मिनिटं निवू द्या आणि वरची निवळीच टाकीत ओता. खालचा साका टाकून द्या. टाकी ढवळा, तासभर थांबा आणि शेवटच्या नळाचं पाणी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीने तपासा. पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे, नाही आला तर पुन्हा मात्रा द्यायची. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडे हे ओटीचं द्रावण असतं. गढूळ पाण्यावर टीसीएल चालत नाही, आधी तुरटी फिरवून निवळू द्या.

अर्ध्या दिवसाच्या कार्यक्रमाला उन्हात माणशी तीन लिटर पिण्याचं पाणी धरा. दोन हजारांना सहा हजार लिटर, स्वयंपाकाचं आणि धुण्याचं वेगळं. पिंपात पेला बुडवायची सोय ठेवू नका. तोटीचं पिंप किंवा लांब दांड्याचा ओगराळा, आणि तो धरणारा एकच माणूस. उरलेला भात आणि वरण दुपारी बारानंतर पातेल्यात झाकून संध्याकाळच्या पंगतीला ठेवण्याची सवय टँकरपेक्षा जास्त वाईट आहे.

पालखी दुपारी बारा ते चार रस्त्यावर नको. कोणी बरळायला लागला, अंग तापून कोरडं पडलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, १०८ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. नुसता थकवा असेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि तसलाच अर्धा चमचा मीठ.

प्रश्न: रात्री लोकनाट्य बारापर्यंत चालवता येईल का?

उत्तर: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा मूळ नियम. सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस जाहीर झालेले असतात. तुमच्या जत्रेची तिथी त्यात आहे असं गृहीत धरून सुपारी देऊ नका. यादी बघा, पोलीस ठाण्याचा लेखी परवाना घ्या, नसेल तर वग संध्याकाळी सातला उभा करा.

प्रश्न: सुट्टीत शाळेची मुलं गावातल्या वीरगळांची, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांची, नोंद करणार आहेत. एका दगडावर अक्षरं आहेत पण वाचता येत नाहीत. शिवाय दोन दगडांना ऑइलपेंट फासलाय. सगळे गोळा करून चावडीसमोर सिमेंटच्या ओट्यावर उभे करावेत असंही चाललंय.

उत्तर: अक्षरांवर खडू, पीठ किंवा तेल चोळू नका. अंधार पडल्यावर जा, टॉर्च दगडाच्या एका कडेला अगदी लगत धरा आणि उजेड पृष्ठावरून आडवा जाऊ द्या. दिवसा सपाट दिसणाऱ्या दगडावर अक्षरांच्या खाचांत सावली भरते. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून प्रत्येक वेळी फोटो घ्या, कॅमेरा हलवू नका. वीरगळ खालून वर वाचायचा हे मुलांना आधी सांगा: खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मध्ये त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर कलश, चंद्र-सूर्य. सगळ्यांत खाली गाई असतील तर तो गोधन राखताना पडलेला माणूस.

धूळ काढायला साधं पाणी आणि नारळाच्या काथ्याचा मऊ कुंचला पुरे. तारेचा ब्रश, ॲसिड, डिटर्जंट नको. ऑइलपेंट घरच्या घरी काढायला जाऊ नका. तो खरवडताना रंगाआधी कोरलेल्या आकृत्यांचे नाक-डोळे जातात. नवा थर लावणं थांबवा, एवढं पुरे.

हलवायचं शक्यतो टाळा. चार फूट उंच, दीड फूट रुंद, पाऊण फूट जाड बेसाल्टचा दगड साडेचार घनफुटांचा, वजन साडेतीनशे किलोच्या पुढे. दोर बांधला की तो कोरीव भागाला काचतो, आणि पाट्यांवर ओढताना खालचा टोकदार भाग तुटतो. रस्ता रुंदीकरणात जातोय म्हणून हलवावाच लागला तर आधी जागेचा नकाशा, तोंड कोणत्या दिशेला होतं ते, आणि जमिनीत किती बोटं पुरला होता ते लिहून ठेवा. नव्या जागी सिमेंटमध्ये रोवू नका. वाळूच्या थरावर, मागे किंचित रेलून, दोन्ही कडांना दगडी पाचर देऊन उभा करा.