पामीरला सायकलने जातोयस? आधी दिशा ठरव

पामीर म्हणजे मध्य आशियातला उंच डोंगराळ भाग. तिथल्या रस्त्याची सुरुवात किर्गिझस्तानातल्या ओशहून करायची की ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेहून, हे आधी ठरव. माझं ऐकशील तर दुशान्बेहून सुरू कर. ओशहून निघालास तर थोड्याच दिवसांत 4,000 मीटरच्या वर जातोस, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. दुशान्बेकडून खोरोग शहरापर्यंत पंज नदीकाठाने उंची हळूहळू वाढते. पलीकडच्या काठावर अफगाणिस्तान, तिथली मातीची घरं आणि पायवाटा स्पष्ट दिसतात.

खोरोगनंतर लागणाऱ्या मुर्गाब गावात (सुमारे 3,600 मीटर) एक दिवस थांबच. पुढे 4,655 मीटरची अक-बैताल खिंड आहे. डोकं दुखून मळमळायला लागलं तर हट्ट न करता खाली उतर.

ताजिकिस्तानच्या व्हिसासोबत बदख्शानचा (पामीरचा भाग ज्यात येतो तो प्रांत) वेगळा परवाना लागतो, तो व्हिसाचा अर्ज करतानाच घे. किर्गिझ सीमा चालू आहे का, तेही निघण्याआधी तपास.

टायर दोन इंची रुंद हवेत. रस्ता जागोजागी पन्हाळी पत्र्यासारखा आहे, त्यावर कॅरिअरचे स्क्रू ढिले होतात. रोज संध्याकाळी एकेक तपासून घट्ट कर. जास्तीचे स्पोक आणि डिरेलर हँगर (मागचा गिअर ज्यावर बसतो तो छोटा तुकडा) तुझ्याच सायकलच्या मापाचे घे, वाटेत मिळणार नाहीत. शाकाहारी असशील तर डाळ-तांदूळ, मसाला सोबत ठेव. मुर्गाबच्या पुढे नान आणि चहावरच भागवावं लागतं.