जुन्या जर्मन गुन्हेपटांचं दृश्यरूप एवढं वेगळं का वाटतं आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की हे सिनेमे दिसायला इतके वेगळे का, आणि एकही पाहिला नसेल तर पहिला कोणता लावावा. पहिला लावा 'एम', १९३१ सालचा, दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा पहिला बोलपट. मी तो पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला. त्यानंतर किती वेळा पाहिला ते मोजलेलं नाही, पण त्याची सुरुवात चालू असताना आजही मला मध्येच उठता येत नाही.

ती सुरुवातच सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. एका चाळीसारख्या इमारतीच्या अंगणात मुलं रिंगण करून उभी आहेत. कॅमेरा वरून बघतोय. मधली मुलगी बोट फिरवत गाणं म्हणतेय, आपण लहानपणी चकताना म्हणायचो तसंच, फक्त त्या गाण्यात एक खुनी आहे आणि ज्याच्यावर बोट थांबेल तो बाद. वरच्या मजल्यावर एल्सीची आई कपडे धुतेय, लेकीची जेवायची वाट बघतेय. एल्सी शाळेतून येताना रस्त्यावरच्या जाहिरातींच्या खांबावर चेंडू आपटत उभी राहते. खांबावर खुन्याला पकडून देणाऱ्यासाठी दहा हजार मार्कांच्या बक्षिसाची जाहिरात चिकटवलेली आहे, आणि त्याच कागदावर टोपी घातलेल्या माणसाची सावली येऊन पडते. चेंडू छान आहे गं तुझा, असं ती सावली म्हणते.

मग आई हाका मारायला लागते. 'एल्सी!' पडद्यावर रिकामा जिना. पुन्हा हाक, आणि कपडे वाळत घातलेला रिकामा माळा. टेबलावर मांडून ठेवलेली ताटली, समोर कुणी नाही. झुडपातून घरंगळत आलेला चेंडू. तारांत अडकलेला फुगा, तो वाऱ्याने सुटून जातो. खून दाखवलेलाच नाही. आपल्याला मात्र सगळं कळलेलं असतं.

माझ्या मते या सगळ्या सिनेमांचं मर्म इथेच आहे. काय दाखवायचं यापेक्षा काय झाकायचं याचा विचार त्यांनी आधी केला. याचं मूळ १९२० च्या दशकातल्या जर्मन मूकपटांत आहे. तेव्हा रस्ते, घरं, जिने स्टुडिओत उभारायचे, त्यामुळे दिवा कुठे हवा आणि अंधार कुठे हवा हे दिग्दर्शकाच्या हातात असायचं. १९२० च्या 'डॉ. कॅलिगारी'त तर सावल्या नेपथ्यावर चक्क रंगवल्या होत्या. 'एम'मध्ये लांग आणि कॅमेरामन फ्रिट्झ आर्नो वॅग्नर यांनी ती रंगवलेली वेडीवाकडी दुनिया सोडून दिली, अंधार मात्र सोडला नाही. पोलिसांची बैठक आणि गुन्हेगारांची बैठक आळीपाळीने येते तो भाग नीट बघा. दोन्ही खोल्यांत सारखाच सिगारचा धूर, आणि काही वेळाने कोण कुठल्या बाजूचा हेच कळेनासं होतं.

आवाजही त्याच पद्धतीने वापरलाय. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. खुनी एक धून शिट्टीवर वाजवतो, नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याच्या 'पेअर ग्युंट'मधली. खुन्याचं काम करणाऱ्या पीटर लोरेला शिट्टी वाजवता येत नव्हती म्हणून ती स्वतः लांगने वाजवली. चेहरा दिसण्याआधी शिट्टी ऐकू येते, आणि शेवटी त्याला ओळखतो तो फुगे विकणारा एक आंधळा माणूस, त्या शिट्टीवरूनच.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. 'एम'ची पटकथा लांगसोबत त्याची पत्नी टेआ फॉन हार्बू हिने लिहिली. पुढे दोघं विभक्त झाली आणि तिचं नातं जुळलं ते बर्लिनमध्ये राहणाऱ्या आयी गणपत तेंडुलकर या आपल्या बेळगावकडच्या पत्रकाराशी. मला हे कळलं तेव्हा तो सिनेमा एकदम जवळचा वाटायला लागला.

'एम'नंतर १९३३ चा 'डॉ. माबुझेचं मृत्युपत्र' बघा. त्यात पडद्याआडून हुकूम सोडणारा सूत्रधार आहे, आणि पडदा बाजूला केल्यावर तिथे जे सापडतं ते इथे फोडत नाही. नाझी सत्तेवर येताच त्यावर बंदी आली आणि लांग देश सोडून गेला.

मग थेट १९५९ वर या. रिआल्टो या कंपनीने इंग्रज लेखक एडगर वॉलेसच्या कादंबऱ्यांवर सिनेमे काढायला सुरुवात केली आणि १९७२ पर्यंत तीसहून जास्त काढले. लांगची खोली इथे शोधू नका. त्यातला विनोदी नट एडी आरेंट याचे विनोद मला लांबलेले वाटतात आणि कथा मध्येच सैल पडते. पण चित्रं! कथा लंडनमधली, शूटिंग बरंचसं जर्मनीत. 'थेम्सकाठची खानावळ' (१९६२) मध्ये हॅम्बुर्गचं बंदर थेम्स म्हणून उभं राहिलंय. धुकं दाट सोडायचं, एक दिवा लावायचा, ओला रस्ता चमकवायचा, म्हणजे हॅम्बुर्ग दिसतच नाही. अडचणीतून आलेलं धुकंच पुढे या मालिकेची ओळख झालं.

त्यातला माझा आवडता १९६१ चा 'लंडनचे मृत डोळे'. दिग्दर्शक आल्फ्रेड फोरर. धुक्याच्या रात्री विमा उतरवलेले श्रीमंत म्हातारे नदीत मरून सापडतात, एकाजवळ ब्रेल लिपीतला कागदाचा तुकडा मिळतो. फोररला कॅमेरा भलत्याच जागी ठेवायची हौस. एका शॉटमध्ये कॅमेरा माणसाच्या तोंडात आहे आणि आपण त्याच्या दातांच्या आडून बाहेर बघतो. कथेला त्याची गरज नाही, पण अशा जागांसाठीच मी हे सिनेमे पुन्हा पुन्हा लावतो. १९६६ पासून मालिका रंगीत झाली आणि ती मजा माझ्यापुरती ओसरली.

हे बघून झाल्यावर १९४९ चा 'महल' पुन्हा लावा. त्याचा कॅमेरामन योसेफ विर्शिंग म्युनिकहून आलेला, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये वर्षानुवर्षं काम केलेला. तो ओसाड वाडा, ते कमी उजेडातले जिने बघताना एल्सीच्या आईने ज्यात हाक मारली तो रिकामा जिना मला दर वेळी आठवतो.

'एम' मात्र मूळ जर्मन आवाजातच बघा, सबटायटल्स लावून, खोलीतला दिवा बंद करून. डब केलेली प्रत घेतलीत तर ती आईची हाक हरवेल.