छोटी बोट म्हणून निर्धास्त होऊ नका

कोरोनाच्या साथीत या छोट्या क्रूझला जावं का, हा तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही नवरा-बायको आणि ७१ वर्षांच्या सासूबाई, नऊ दिवसांची फेरी, ९० प्रवाशांची बोट. तिघांचेही लशीचे डोस झालेत. सासूबाईंना मधुमेह आहे आणि दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया होऊन गेलाय. पैसे परत मिळणार नाहीत, पण निघायच्या तीन आठवडे आधी कळवलं तर वर्षभरातल्या दुसऱ्या कुठल्याही फेरीला जाता येईल. आणि बुकिंगवाले सांगतायत की बोट छोटी आहे, गर्दी नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही.

आधी माझं मत सांगतो. सासूबाईंना या फेरीला नेऊ नका. तुम्ही दोघांनी जायचं की नाही ते त्या बोटीवर किती माणसं आहेत यावरून ठरवू नका. पहिला रुग्ण सापडला की त्या बोटीला कुठलं बंदर आत घेणार आहे, यावरून ठरवा.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतोय कारण सात वर्षं मी अशाच बोटींवर हाउसकीपिंगला होतो. शंभराच्या आसपास प्रवासी, साठ-सत्तर क्रू. मला त्या बोटी मनापासून आवडतात. मोठ्या क्रूझवर माणूस समुद्रात असतो हेच विसरतो. छोट्या बोटीवर पहाटे डेकवर आलं की वाऱ्याची दिशा कळते, कॅप्टन नावाने हाक मारतो. तेव्हा क्रूझ म्हणजे वाईटच असं सांगायला मी आलेलो नाही.

मार्च २०२० मध्ये आमच्या बोटीवर एकही माणूस आजारी नव्हता. ताप नाही, खोकला नाही. तरी ज्या बंदरातून निघालो त्यानेच परत घ्यायला नकार दिला, कारण आम्ही समुद्रात असताना त्या देशाने सीमा बंद केल्या होत्या. शेजारच्या देशाने नांगर टाकायला जागा दिली, पण उतरायची परवानगी दिली नाही. किनाऱ्यावरचे दिवे दिसत होते, गाड्या जाताना दिसत होत्या, आणि आम्ही अकरा दिवस तिथेच. माझ्या मजल्यावर एक आजोबा होते, इन्सुलिनवर. त्यांनी फेरीचे दिवस आणि वर चार दिवस एवढाच साठा आणला होता. कुणीही एवढाच आणेल. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी मला सांगितलं की त्यांच्या केबिनमध्ये जाशील तेव्हा ते काय खातायत त्यावर लक्ष ठेव. नवव्या दिवशी एका लाँचमधून औषधं आली. आजोबा सुखरूप घरी गेले. पण ते तीन-चार दिवस मी विसरू शकत नाही. तुमच्या प्रश्नात ‘मधुमेह’ हा शब्द दिसला आणि म्हणूनच मी लिहायला बसलो.

(प्रवासी उतरले, त्यानंतर आम्ही क्रू आणखी दोन महिने बोटीवर होतो. त्या वर्षी जगभर लाखो खलाशी असेच अडकले होते.)

आता ‘छोटी बोट म्हणजे कमी धोका’ या बोलण्याकडे येऊ. तुमच्या बोटीशी सगळ्यात जवळचं उदाहरण ‘ग्रेग मॉर्टिमर’चं आहे. १५ मार्च २०२० रोजी ही बोट अर्जेंटिनातल्या उशुआयाहून अंटार्क्टिकाकडे निघाली. चढताना प्रत्येकाचा ताप तपासला होता. आधीच्या तीन आठवड्यांत साथ असलेल्या ठरावीक देशांतून आलेल्यांना घेतलंच नव्हतं. आठव्या दिवशी पहिला ताप आला. लगेच सगळ्यांना केबिनमध्ये बसवलं, मास्क दिले, जेवण दारात ठेवायला सुरुवात केली. अर्जेंटिनाची दारं तोवर बंद झाली होती, म्हणून बोट उरुग्वेच्या माँटेव्हिडिओसमोर जाऊन थांबली. तिथे बोटीवरच्या २१७ जणांची चाचणी झाली, त्यात १२८ बाधित निघाले. या १२८ पैकी १०४ जणांना काहीच लक्षणं नव्हती. आठ जणांना बोटीवरून रुग्णालयात हलवावं लागलं आणि एक जण दगावला. जपानमध्ये योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसं होती, त्यातले ७१२ बाधित झाले. दोन्ही ठिकाणची परिस्थिती वेगळी होती, त्यामुळे टक्केवारी काढून सरळ तुलना करणं बरोबर होणार नाही. पण माणसं कमी म्हणजे संसर्ग कमी, एवढं साधं ते गणित नाही, हे यातून दिसतं.

असं का होतं, ते आतून पाहिलेल्या माणसाला लगेच समजतं. छोट्या बोटीवर सगळं एकेकच असतं. जेवणाचा एक हॉल, आणि बहुतेक ठिकाणी एकच पंगत. एक लाउंज, जिथे रोज संध्याकाळी उद्याच्या कार्यक्रमाची माहिती द्यायला सगळ्यांना एकाच वेळी बसवतात. एक जिना. आणि एक मडरूम, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या आधी बूट आणि लाइफ जॅकेट चढवायची खोली. प्रवासी झोडियाकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या रबरी होडीत, दाटीवाटीने बसायला घाबरतात, पण तिथे डोक्यावर उघडं आकाश असतं, वारा असतो. मला काळजी वाटते ती त्या मडरूमची. खाली वाकून, धापा टाकत, एकमेकांच्या जॅकेटचे पट्टे आवळत वीसेक माणसं त्या कोंदट जागेत पंधरा मिनिटं असतात. मोठ्या जहाजावर गर्दी टाळून बसायला दुसरी जागा मिळते. इथे दुसरी जागाच नसते, आपली केबिन सोडून.

चाचण्यांबद्दल तुम्ही लिहिलंय की निघायच्या ७२ तास आधीचा आरटीपीसीआर सगळ्यांना सक्तीचा आहे. तो हवाच. पण चाचणी दिल्यावर तुम्ही टॅक्सीत बसता, विमानतळावर थांबता, विमानात जेवता, हॉटेलात एक रात्र काढता. त्यात लागण झाली तर ती त्या कागदावर दिसणार नाही, आणि झाल्याझाल्या केलेल्या चाचणीतही बऱ्याचदा सापडत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘सीड्रीम १’ ही छोटी बोट बार्बाडोसहून निघाली. प्रवाशांची आधी चाचणी झाली होती, चढताना पुन्हा झाली. पन्नासेक प्रवाशांची फेरी. चार-पाच दिवसांत एकाला बरं वाटेनासं झालं, आणि शेवटी निदान सात प्रवासी बाधित निघाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलास्कात ३६ प्रवाशांची एक बोट निघाल्यावर एका प्रवाशाला विमानतळावर दिलेल्या चाचणीचा निकाल फोनवर कळला, पॉझिटिव्ह. फेरी तिथेच संपली. सगळे परत जुनो बंदराला आणि हॉटेलात क्वारंटाइन. म्हणजे फेरी बुडायला कुणी गंभीर आजारी पडायचीसुद्धा गरज नसते.

आणि क्रूचं काय, हे प्रवासी कधी विचारत नाहीत. नॉर्वेच्या ‘रोआल्ड अमुंडसेन’वर जुलै २०२० च्या शेवटी पहिले रुग्ण क्रूमधलेच निघाले. तोवर दोन फेऱ्यांचे प्रवासी उतरून आपापल्या गावी गेले होते आणि त्यांना शोधत फिरायची वेळ आली. आम्ही खालच्या मजल्यावर एका केबिनमध्ये दोघं-तिघं राहतो, खिडकी नसते, मेस एकच. कॉन्ट्रॅक्टवर नवा माणूस चढला की तो पहिल्या रात्रीपासून आमच्यातच झोपतो. त्याला आधी किती दिवस वेगळं ठेवलं, त्याची चाचणी कितीदा होते, आजारी पडला तर पगार कापतात का? शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. पगार कापला जाणार असेल तर माणूस घसादुखी लपवतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच तुमची चादर बदलायला येतो.

तुम्ही म्हणाल, हे सगळं लस येण्याआधीचं. बरोबर आहे, आणि लशीने खरोखर मोठा फरक पडलाय. आज डोस झालेल्या धडधाकट माणसाची अवस्था मार्च २०२० सारखी नाही. त्यामुळेच तुम्हा दोघांना मी सरळ ‘नको’ म्हणत नाहीये. पण ओमिक्रॉन हा कोरोनाचा प्रकार लस घेतलेल्यांनाही गाठतो, आणि फार लवकर पसरतो. ३० डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, लस घेतलेली असो वा नसो, क्रूझ टाळा असाच सल्ला दिला. आणखी एक बारीक गोष्ट. सीडीसीचे क्रूझसाठीचे आदेश प्रवासी आणि क्रू मिळून २५० किंवा जास्त माणसं नेऊ शकणाऱ्या जहाजांसाठी होते. तुमच्यासारखी बोट त्यांत बसतच नव्हती. म्हणजे अशा बोटीवर काय काळजी घेतली जाते ते बरंचसं कंपनी आणि त्या त्या बंदराचा देश यांच्यावर असतं. ब्रोशरमध्ये ‘सर्व नियमांचं पालन’ असं लिहिलेलं दिसलं तर कुठले नियम, हे विचारायला लाजू नका.

सासूबाईंबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यांना घरी ठेवून जायचं म्हणजे मन खातं, हे तुमच्या लिहिण्यात दिसतंय. छोट्या बोटीवर साधारण एक डॉक्टर असतो. दवाखाना म्हणजे एक-दोन खाटा, ऑक्सिजनची थोडी सोय, औषधांचं कपाट. अतिदक्षता विभाग नसतो. मी ज्या डॉक्टरांबरोबर काम केलं ते उत्तम होते, पण त्यांच्या हातात साधनंच नव्हती. बंदरापासून दीड दिवस दूर असताना ऑक्सिजन खाली जायला लागला तर हेलिकॉप्टर येईलच असं नाही. अंतर, हवामान आणि समोरच्या देशाची परवानगी, तिन्ही जुळून यावं लागतं. न्यूमोनिया होऊन गेलेल्या, मधुमेह असलेल्या बाईंसाठी हा धोका नऊ दिवसांच्या सहलीसाठी घ्यावा असं मला वाटत नाही, आणि तुमच्याकडे तारीख बदलायची सोय असताना तर मुळीच नाही. त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. ‘तुम्हाला झेपणार नाही’ असं म्हणू नका. दहा दिवस एका केबिनमध्ये, जेवण दाराबाहेर, खिडकी उघडत नाही, डॉक्टर फोनवर, असं झालं तर काय, हे सांगा आणि त्यांना काय वाटतं ते ऐका. बऱ्याच वेळा आपण ज्यांच्यासाठी सहल ठरवतो ते आपलं मन राखायला ‘हो’ म्हणालेले असतात.

तुम्ही दोघं जाणार असाल तर कंपनीला लेखी विचारा. फोनवरचं गोड बोलणं उपयोगाचं नाही. फेरीच्या कुठल्या टप्प्यावर सगळ्यात जवळचं मोठं रुग्णालय किती तासांवर आहे? रुग्ण सापडला तर उतरवून घेऊ, असं कुठल्या बंदराने आधीच मान्य केलंय? त्याचं नाव सांगा म्हणावं. विलगीकरणासाठी किती केबिन रिकाम्या ठेवल्यात, की सगळ्या विकल्यात? मी एका फेरीला पाहिलंय, एकही केबिन रिकामी नव्हती, मग आजारी माणसाला वेगळं ठेवणार कुठे? केबिनमधली हवा बाहेरून ताजी येते की तीच फिरवली जाते? किनाऱ्यावरच्या क्वारंटाइनचं हॉटेल आणि बदललेलं विमान, हा खर्च कुणाचा? आणि तुमच्या विम्याचे कागद काढून ‘महामारी’ हा शब्द कुठे येतो ते बघा. बऱ्याच पॉलिसींमध्ये तो अपवादांच्या यादीत असतो, आणि नुसती भीती वाटली म्हणून रद्द केलं तर साध्या पॉलिसीत काहीच मिळत नाही.

उत्तरं चांगली आली तर उघडणारी खिडकी किंवा बाल्कनी असलेली केबिन घ्या, जास्त पैसे पडले तरी. बाकी सगळ्या सुखसोयींवर काट मारा, पण यावर मारू नका. निघायच्या आधी आठवडाभर लोकांत मिसळू नका. रोजची औषधं असतील तर फेरीच्या दिवसांवर वर तीन आठवड्यांची घ्या, आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा. परत आल्यावर चाचणी करून, पाच-सहा दिवस थांबून मगच सासूबाईंकडे जा, नाहीतर त्यांना घरी ठेवून काय मिळवलं?

तीन आठवड्यांची मुदत कधी संपते ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती तारीख आजच बघा, आणि कंपनीला पत्र तिच्या निदान दहा दिवस आधी जाऊ द्या. त्यांचं उत्तर आलं की इथेच खाली टाका. बंदराच्या नावाऐवजी ‘स्थानिक प्रशासनाशी समन्वय साधू’ असं काही लिहून आलं, तर माझ्या उत्तराची वाट बघत बसू नका, तारीख बदलून टाका.