अॅनोडायझिंगच्या टाकीतले आम्ल बदलावे का?

प्रश्न : आमचा अॅनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने अॅल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा थर तयार करण्याचा, लहानसा कारखाना आहे. खिडक्यांच्या अॅल्युमिनियम पट्ट्यांवर सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत थर चढवून आम्ही त्यांना काळा रंग देतो. उन्हाळ्यात मात्र थर बोटाला खडूसारखा लागतो आणि पट्टी पुसली की रंग फडक्यावर उतरतो. आम्ल बदलून ऑक्झॅलिक वापरावे, असा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : एवढ्यात मानू नये. आपण सांगितलेली लक्षणे आम्ल चुकीचे असल्याची नसून ते तापल्याची आहेत.

बोरेटसारख्या जवळजवळ उदासीन द्रावणात अॅल्युमिनियमचा ऑक्साइड विरघळत नाही. तिथे घट्ट, बिनछिद्री थर तयार होतो, पण त्याची जाडी व्होल्टमागे सुमारे 1.4 नॅनोमीटर एवढीच वाढते आणि मग वीजप्रवाह थांबत जातो. कपॅसिटरसाठी (विजेचा भार साठवणाऱ्या भागासाठी) नेमका तसाच थर लागतो. सल्फ्युरिक आम्ल मात्र थर तयार होत असतानाच तो थोडाथोडा विरघळवते, त्यामुळे त्यात काही नॅनोमीटर रुंदीची असंख्य छिद्रे पडतात, त्या छिद्रांतून प्रवाह धातूपर्यंत पोहोचत राहतो आणि थर 10 ते 25 मायक्रॉनपर्यंत वाढू शकतो. आपला काळा रंगही याच छिद्रांत शिरून बसतो. म्हणजे आम्लाचे हे थर खाणे आपल्याला हवेच असते, फक्त ते मर्यादेत राहिले पाहिजे.

नवा ऑक्साइड नेहमी तळाशी, धातूला लागून तयार होतो. सर्वांत वरचा भाग सर्वांत जुना असल्याने आम्लात सर्वाधिक वेळ तोच राहतो. टाकी 18 ते 22 अंश सेल्सिअसवर असेल तर हे निभते. पारा 25 च्या वर गेला की छिद्रांच्या भिंती वरून झिजत जातात, आणि बोटाला लागतो तो खडू हाच. तापमापक टाकीच्या कडेला लावून भागत नाही, कारण उष्णता जॉबच्या (टाकीत टांगलेल्या पट्टीच्या) पृष्ठभागावरच निर्माण होते. तिथले आम्ल हवेने नीट ढवळले जाते का, हे आवर्जून पाहावे.

ऑक्झॅलिक आम्ल थर कमी खाते, हे खरे. पण त्याला बहुधा 40 व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब लागतो, जो आपला रेक्टिफायर (टाकीला एकदिश वीज पुरवणारे यंत्र) देऊ शकेलच असे नाही; शिवाय ते महाग पडते आणि थराला पिवळसर छटा येते. चिलर (द्रावण थंड ठेवणारे यंत्र) लगेच घेणे शक्य नसेल, तर आहे त्याच टाकीत लिटरमागे 10 ते 20 ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल मिसळण्याचा रूढ उपाय माझ्या मते अधिक शहाणपणाचा आहे, कारण त्याने तापमानात काही अंशांची सवलत मिळते.

द्रावणाची तपासणीही करून घ्यावी. विरघळलेले अॅल्युमिनियम लिटरमागे 20 ग्रॅमच्या वर गेले असेल तर काही द्रावण काढून नवे आम्ल घालावे. टाकीत बोअरचे पाणी भरत असाल तर ते थांबवावे. त्यातल्या क्लोराइडमुळे पट्टीवर खड्डे पडतात.

एक पट्टी टाकीतून काढून धुतल्यावर, रंगात बुडवण्याआधीच वाळवून काळ्या फडक्याने पुसून पाहावी. तेव्हाच भुकटी निघाली तर दोष याच टाकीचा. तेव्हा न निघता सीलिंगनंतर (रंग दिल्यावर छिद्रे बंद करण्याच्या क्रियेनंतर) पांढरी पूड दिसली, तर सीलिंगचे पाणी तपासायला हवे.