बंद टीव्हीला हाक ऐकू येते का?

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे आहेत, हाताला कंप आहे. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार असे तीन रिमोट त्यांना झेपत नाहीत. दिवसभर बातम्या बघायला त्यांना आवडतं, पण लावून द्यायला कुणीतरी लागतं. घरातले दिवे मी होम असिस्टंटवर (घरातली उपकरणं एका जागेवरून चालवणारी प्रणाली) आणले आहेत. आता ५५ इंची टीव्ही घ्यायचाय. बाबांनी एक बटण दाबलं की टीव्ही, आवाज, चॅनल सगळं लागावं. कोणता टीव्ही घेऊ? ओएलईडी घ्यावा का?

उत्तर : ओएलईडीचं आधी सांगून टाकते. नको. बातम्यांच्या चॅनलचा लोगो आणि खालची पट्टी दिवसभर एकाच जागी असते. ओएलईडी पडद्यावर अशा स्थिर चित्राचा डाग कायमचा उमटू शकतो. चांगला एलईडी घ्या. बसायचं अंतर सव्वादोन मीटरच्या आसपास असेल तर ५५ इंच पुरेसा आहे.

आता खरा मुद्दा. मॉडेलचं नाव मी देत नाही, कारण मॉडेलं दरवर्षी बदलतात. तपासायची गोष्ट मात्र तीच राहते. चालू असलेल्या टीव्हीचा आवाज कमी-जास्त करणं, इनपुट बदलणं, तो बंद करणं हे आता नेटवर्कवरून सहज जमतं. घोडं अडतं ते बंद टीव्ही चालू करताना.

रिमोटवर पॉवरचं बटण बहुधा एकच असतं. टीव्ही बंद असेल तर ते चालू करतं, चालू असेल तर बंद. ऑटोमेशनने, म्हणजे होम असिस्टंटमध्ये लिहिलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञेने, इन्फ्रारेडवरून (रिमोटच्या अदृश्य प्रकाशाने) तोच कोड पाठवला, तर टीव्हीची स्थिती काय आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. इन्फ्रारेडवर उलट उत्तर येत नाही. कंप असलेल्या हाताने बटण एकाऐवजी दोनदा दाबलं जाणारच. मग टीव्ही लागेल आणि लगेच जाईल. असं दोन-चारदा झालं की माणूस बटणाला हात लावायचंच सोडतो. हे मी ग्राहकांच्या घरी पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण दोष त्या माणसाचा नसतो.

म्हणून बाबांच्या बटणामागे ‘चालू हो’ एवढंच सांगणारी आज्ञा हवी. बऱ्याच टीव्हींना ती नेटवर्कवरून देता येते. वेक-ऑन-लॅनचं मॅजिक पॅकेट म्हणतात ते हेच. त्यात आधी एफएफ या ठरावीक खुणेचे ६ बाइट आणि मग त्या टीव्हीचा नेटवर्कवरचा ओळख-क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस १६ वेळा. सगळं मिळून १०२ बाइट. झोपलेल्या टीव्हीचं नेटवर्क कार्ड स्वतःचा पत्ता ओळखतं आणि त्याला उठवतं. टीव्ही आधीच चालू असेल तर या पॅकेटचा काहीच परिणाम होत नाही. दहा वेळा दाबा, टीव्ही चालूच राहील.

दुकानात तपासायचं ते हे. टीव्ही फोनच्या हॉटस्पॉटवर जोडायला लावा. दुसऱ्या फोनवर कंपनीचं अ‍ॅप घ्या आणि तो फोनही त्याच हॉटस्पॉटवर आणा. सेटिंगमध्ये ‘मोबाइलवरून टीव्ही चालू करा’, ‘नेटवर्क स्टँडबाय’ किंवा अशाच अर्थाचा पर्याय असेल, तो चालू करा. मग रिमोटने टीव्ही बंद करून चांगला अर्धा तास थांबा. लगेच चाचणी घेऊन फसू नका. काही टीव्ही बंद केल्यावर थोडा वेळ जागे असतात आणि नंतर गाढ झोपतात. अर्ध्या तासाने अ‍ॅपवरून लागला तर घ्या. विक्रेता कुरकुर करेल, करू द्या.

घरी आल्यावर राउटरमध्ये टीव्हीचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कने त्याला दिलेला क्रमांक) पक्का करून ठेवा. वायर आणि वाय-फाय यांचे मॅक अ‍ॅड्रेस वेगळे असतात, तेव्हा ज्या मार्गाने टीव्ही जोडलाय त्याचाच घ्या. स्मार्ट उपकरणांसाठी वेगळं नेटवर्क केलं असेल, तर मॅजिक पॅकेट सहसा त्या भिंतीपलीकडे जात नाही. टीव्ही आणि होम असिस्टंट एकाच नेटवर्कवर असलेले बरे.

साउंडबारसाठी वेगळं काही करायला नको. टीव्हीच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमध्ये (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे तिथून जातो) तो लावा आणि सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना आज्ञा द्यायची सोय, चालू करा. एचडीएमआयच्या १३ क्रमांकाच्या पिनवरून उपकरणं एकमेकांना निरोप देतात, त्यामुळे टीव्हीबरोबर साउंडबारही उठतो. सेटिंगमध्ये हे नाव सापडणार नाही कदाचित. सॅमसंग याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक आणि सोनी ब्राव्हिया सिंक.

उरला सेट-टॉप बॉक्स. त्याला बहुधा इन्फ्रारेड ब्लास्टरच, म्हणजे रिमोटसारखे संकेत पाठवणारं छोटं यंत्रच, लागेल. चॅनलचे आकडे पाठवायला तो उत्तम, पण बॉक्सचं पॉवर बटण ऑटोमेशनमधून कधीच दाबू नका. बॉक्स चालूच राहू द्या.

बटणाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. चालू आणि बंद यांना दोन वेगळी झिगबी (स्मार्ट उपकरणांची बिनतारी पद्धत) बटणं द्या, रंग वेगळे, खुर्चीच्या हातावर पक्की चिकटवलेली. एकदा दाबलं, दोनदा दाबलं, धरून ठेवलं, तिन्हींना एकच काम नेमा. एकदा दाबल्यावर पुढची काही सेकंदं तेच बटण दुर्लक्षित राहील असं ऑटोमेशन लिहा, नाहीतर चॅनलचे आकडे दोनदा जाऊन भलतंच चॅनल लागेल. चित्र यायला टीव्ही वेळ घेतो आणि तेवढ्यात आपलं दाबणं वाया गेलं असं बाबांना वाटेल. म्हणून बटण दाबताक्षणी टीव्हीमागचा एक दिवा लागू द्या. आणि हे सगळं इंटरनेट बंद असतानाही चाललं पाहिजे. राउटरमधली बाहेरची केबल काढून एकदा करून बघा, मगच बटण त्यांच्या हाती द्या.

प्रश्न : वीज वाचावी म्हणून रात्री ओएलईडी टीव्ही स्मार्ट प्लगने पूर्ण बंद करतो. चालेल ना?

उत्तर : ही सवय मोडा. साधारण ४ तासांचा वापर साठला की ओएलईडी टीव्ही बंद केल्यानंतर, स्टँडबायमध्ये पडद्याची दुरुस्ती-फेरी चालवतो. प्लग बंद केलात की ती राहून जाते. वाचतं तरी किती? अर्धा वॅट स्टँडबाय धरला तर वर्षाला साडेचार युनिटही होत नाहीत. नेटवर्क स्टँडबायचे २ वॅट धरले तरी साडेसतरा. प्लग वीज मोजणारा असेल तर तो कायम चालू ठेवा आणि वॅटच्या आकड्यावरून टीव्ही लागलाय की नाही हे ऑटोमेशनला कळवा. त्याचा तो फार चांगला उपयोग आहे.

प्रश्न : खोक्यावर ‘मॅटर’चं चिन्ह आहे. म्हणजे टीव्ही कशालाही जोडता येईल?

उत्तर : तसं गृहीत धरू नका. मॅटर म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेलं मानक. मॅटरची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२मध्ये आली आणि टीव्हीची सोय तिच्यात तेव्हापासून आहे. पण टीव्हीवरच्या त्या चिन्हाचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की हा टीव्ही दिवे, प्लग यांसारखी मॅटर उपकरणं चालवू शकतो. दुसऱ्या यंत्रणेला टीव्ही चालवता येईल का, हा प्रश्न वेगळा विचारा आणि वर सांगितलेली अर्ध्या तासाची चाचणी घ्याच.